दान, वाटा आणि हक्क : गरजूंना मदत करताना आपल्या मनात काय असतं?



गेल्या सर्वसाधारण सभेत जमाखर्च वाचून झाला आणि नेहमीप्रमाणे अन्नदान व ब्लँकेटवाटपाच्या रकमेला मंजुरी द्यायची वेळ आली. तेव्हा मागच्या रांगेतून एका तरुण सभासदाने विचारलं, "हे आपण दरवर्षी करतो ते नक्की कशासाठी?" प्रश्नात खोच नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तरं मात्र चार दिशांनी आली. एक काका म्हणाले, पुण्य लागतं. एक काकू म्हणाल्या, आमच्या सासूबाई दारातून कुणाला रिकामं पाठवत नसत, तेच आम्ही पुढे चालवतो. कारखान्यात आयुष्य घालवलेले एक सभासद म्हणाले, या गावाने आपल्याला पोसलं, त्याची ही परतफेड आहे. आणि चौथे म्हणाले, "मी देवबीव मानत नाही, पण थंडीत उघडं पोर बघवत नाही, एवढंच."

चारही उत्तरं प्रामाणिक होती, आणि खर्चही एकमताने मंजूर झाला. पण तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. श्रद्धेपोटी केलेली मदत आणि निव्वळ माणुसकीपोटी केलेली मदत यांत फरक असतो का? ज्याला मदत मिळते त्याच्या दृष्टीने तो फरक कुठे दिसतो? या लेखात आम्ही त्याचाच शोध घेतला आहे. त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. सिल्वासाच्या आसपासच इतकी उदाहरणं आहेत की आपण रोज त्यांच्यावरून जातो आणि ती आपल्या लक्षात येत नाहीत.

आधी आमचीच एक गोष्ट

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावर आम्ही ब्लँकेटं वाटली. बॅनर लावला, रांग लावली, फोटो काढले. रांगेतल्या एका आजींनी ब्लँकेट घेतलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचं बोलणं आपल्या मराठीला लागूनच, पण नेमकं आपलं नव्हे, त्यामुळे समजायला थोडा वेळ लागला. गेल्या साली दुसऱ्या कुणी दिलेलं ब्लँकेट अजून धड होतं. नात दहावीला होती, तिच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला काढायचा होता. कचेरीत जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, आणि फॉर्म वाचून भरू शकेल असं घरात कुणी नव्हतं. ते काम कुणी करून देईल का, एवढंच त्या विचारत होत्या.

आम्ही "बघतो" म्हणालो आणि गाडीत बसलो. नंतर ते राहूनच गेलं. आमच्यापैकी निम्मे लोक आयुष्यभर कार्यालयांत कागदपत्रं हाताळत आले आहेत. तो फॉर्म भरायला आम्हाला अर्धा तास लागला असता. आम्ही नेलं ते आम्हाला द्यायला सोपं होतं ते. त्यांना काय हवंय हे आम्ही विचारलंच नव्हतं. हा दोष आमचा आहे, आणि पुढचं सगळं लिहिताना तो आमच्या डोळ्यांसमोर आहे.

आपण राहतो ती भूमी

दादरा आणि नगर हवेलीची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ३,४३,७०९ आहे आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी, दुबळा, नायका, कोळी ढोर ही इथली मूळ मंडळी. आपण बहुतेक जण नोकरीधंद्यासाठी नंतर आलेले.

पण आपल्या मराठी इतिहासाचा या भूमीशी एक जुना आणि फारसा अभिमान वाटू नये असा संबंध आहे. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचं 'सांताना' हे जहाज नष्ट केलं होतं. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहानुसार बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं ठरलं, आणि १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली. दादरा त्यांनी दोन वर्षांनी घेतलं. पुण्याच्या दरबाराने हिशोब मिटवला, पण त्या गावांत राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नाही. पुढची पावणेदोनशे वर्षं त्यांनी ते राज्य सोसलं.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईकडचे स्वयंसेवक इथल्या मुक्तीसाठी आले. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांत होते हे आपल्या मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मोकळं झालं. तो दिवस आपण अभिमानाने साजरा करतो. पण अभिमान घ्यायचा तर १७८३ ची नोंदही आपल्याच वहीत आहे. "या गावाने आपल्याला पोसलं" असं म्हणणाऱ्या सभासदांचं उत्तर आम्हाला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. इथे आपण देतो ते उपकार म्हणून देतो की ऋण म्हणून, यावर देण्याची रीतच बदलते.

वाटा : विनोबांचा मार्ग

सिल्वासातल्या मोठ्या सरकारी दवाखान्याला श्री विनोबा भावे यांचं नाव आहे. आपण तिथे केसपेपर काढतो, रक्त तपासून घेतो, पण ते नाव तिथे किती चपखल आहे याचा विचार क्वचितच करतो.

विनोबा रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. जन्म १८९५ चा. त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची, एक गोष्ट ते सांगत असत. एकदा दारात एक धडधाकट भिकारी आला आणि आईने त्याला भीक घातली. लहानग्या विनायकाने तक्रार केली : असल्याला दिल्याने आळस वाढतो, आणि गीताही पात्र पाहून द्यावं असं सांगते. आईचं म्हणणं असं होतं की दारात आलेला कोण आहे हे ठरवणारी मी कोण? तो देवाचंच रूप घेऊन आला असेल. या मुद्द्याला आपल्याला अजून खोडून काढता आलेलं नाही, असं विनोबा मोठेपणीही कबूल करत.

याच संस्कारातून पुढे भूदान उभं राहिलं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा तेरा वर्षं देशभर पायी फिरले. ते जमीनदाराला सांगत की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या.

यात 'दान' या शब्दाचा अर्थच बदललेला दिसतो. शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ 'संविभाग' असा दिला आहे. संविभाग म्हणजे नीट केलेली वाटणी. विनोबांनी तो अर्थ उचलला आणि जमिनीला लावला. वाटा मागणारा सहावा मुलगा याचक राहत नाही. तो घरातलाच होतो, आणि देणाऱ्याला उपकार केल्याचा तोरा मिरवता येत नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लाखो एकरांची दानपत्रं झाली. त्यातली बरीच जमीन नापीक किंवा वादात अडकलेली निघाली आणि वाटपही ठिकठिकाणी रेंगाळलं. देताना मन पाझरलं, पण कागद पुरा झाला नाही. श्रद्धेने हात सैल होतो. मात्र दिलेलं घेणाऱ्यापर्यंत पोचवायला सातबारा, मोजणी, पाठपुरावा लागतो. आमच्या पाड्यावरच्या आजींनाही कागदच हवा होता.

खराटा आणि कीर्तन : गाडगेबाबा

वारकरी घरांतून आलेल्यांना अन्नदानाचं महत्त्व सांगायला नको. आषाढीच्या वाटेवर कुणी भाकरी देतं, कुणी पाणी, कुणी पाय चेपून देतं. तिथे देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, कारण त्याच्या लेखी समोरचा वारकरी म्हणजे विठ्ठलच. देताना मान वर ठेवायची नाही, ही सवय या परंपरेने लाखो घरांना लावली.

गाडगेबाबांनी हीच श्रद्धा आणखी पुढे नेली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरं लोकांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, देवाला बोकड कापू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा, हे त्यांचं सांगणं होतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. देवळं बांधण्यात त्यांना रस नव्हता. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि मुलाला शाळा हीच त्यांची पूजा.

आपल्यापैकी काहींनी घरातल्या रुग्णाला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं असेल. तिथे दूरच्या गावांतून आलेल्या कितीतरी कॅन्सर रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो. बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले, पण त्यांच्या नावाने चालणाऱ्या छताखाली आजही कुणीतरी उशाला पिशवी घेऊन निवांत झोपतं. एका माणसाची श्रद्धा त्याच्या मागे कशी टिकते, याचं यापेक्षा चांगलं उत्तर आमच्याकडे नाही. कीर्तनातली कळवळ कीर्तनाबरोबर संपू नये म्हणून त्यांनी तिला भिंती आणि छप्पर दिलं, कारभाराला विश्वस्त नेमले.

अंगणातली शाळा : ताराबाई आणि अनुताई

सिल्वासाहून डहाणूच्या दिशेने गेलं की घोलवडजवळ कोसबाडची टेकडी लागते. आपण बोर्डीच्या समुद्रावर सहली काढतो, चिकू आणतो. पण आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या 'अंगणवाडी'चं मूळ याच बोर्डी-कोसबाडात आहे, हे आमच्याही बऱ्याच सभासदांना नवीन होतं.

ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत प्रार्थना समाजी घरात जन्मल्या. मूर्तिपूजा आणि जातिभेद न मानणारा, पण ईश्वर मानणारा तो संस्कार. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ च्या अखेरीस बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लहानपणीच लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य एका खोलीत संपायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि उरलेला जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं, आदिवासी पाड्यांच्या अगदी मधोमध.

तिथे त्यांच्यापुढेही आपल्यासारखीच अडचण होती. शाळा काढली, पण मुलं येईनात. "या लोकांना शिकायचंच नाही" असं म्हणून परतता आलं असतं. त्यांनी मुलं कुठे असतात ते पाहिलं. लहान मुलं अंगणात असतात, म्हणून शाळा अंगणात नेली. ती झाली अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला कुरणात जातात, म्हणून शाळा कुरणात नेली. ती झाली कुरणशाळा. खडू-फळ्याऐवजी पानं, बिया, शंख, माती हे साहित्य घेतलं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. अनुताई १९९२ मध्ये गेल्या.

या दोघींच्या कामात पुण्याचा हिशोब नव्हता. त्यांची श्रद्धा मुलावर होती. प्रत्येक मुलात शिकण्याची ओढ असते हे त्यांनी मनापासून मानलं होतं. त्यामुळे मूल शिकत नाही तेव्हा चूक शाळेची, ही त्यांची पहिली समजूत असे. ज्याला मदत करायची त्याच्याबद्दल आपण मनात काय धरलं आहे यावर केवढं अवलंबून असतं! तो 'बिचारा' आहे असं धरलं की आपण ब्लँकेट नेतो. तो आपल्यासारखाच समर्थ आहे आणि त्याची वाट कुठेतरी अडली आहे असं धरलं की आपण ती अडचण शोधायला लागतो.

हक्क : गोदावरीबाईंची गोष्ट

कोसबाडच्या टेकडीवरून जवळच तलासरी आहे. इथली गोष्ट वेगळ्या वळणाची आहे आणि ती वगळून या विषयावर बोलता येणार नाही.

गोदावरी परुळेकर पुण्याच्या सधन गोखले घराण्यातल्या. जन्म १९०७. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्रिया म्हणून त्यांचा उल्लेख होतो. आधी त्या भारत सेवक समाजात होत्या, म्हणजे सेवाकार्याच्या वाटेवरच होत्या. पुढे त्या आणि त्यांचे पती शामराव कम्युनिस्ट चळवळीत गेले. देव-धर्म, पाप-पुण्य यांचा त्यांच्या कामाशी संबंध नव्हता.

त्यांनी वारल्यांच्या पाड्यांवर पाहिलं ते भयंकर होतं. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला माणूस आयुष्यभर त्याच्या घरी बिनमोल राबायचा. त्याला 'लग्नगडी' म्हणत. जमीनदाराच्या शेतावर सक्तीची फुकट मजुरी असे, तिला 'वेठ' म्हणत. २३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि ठरलं की वेठ करायची नाही. त्याच वर्षी गवतकापणीला ५०० पौंडामागे अडीच रुपये मजुरीची मागणी झाली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही लोक मागे हटले नाहीत, आणि वेठ व लग्नगडीची पद्धत मोडली. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच लढ्याचं आहे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आपल्यापैकी अनेकांना त्यांचं राजकारण पटणार नाही. मंडळ कुठल्या पक्षाचं नाही आणि हा लेखही नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टाळता येत नाही : ज्याची मजुरी बुडवली जाते त्याला आपण जेवण वाढलं, तर आपण नक्की काय केलं? दहा घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला दिवाळीत साडी दिली आणि वर्षभर पगार मात्र जुनाच ठेवला, तर ते दान कुणाच्या पैशातून झालं? हा प्रश्न लिहिताना आम्हालाही आपापल्या घरचा हिशोब आठवला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मोजून देण्याची रीत

धर्माने मदतीला काय दिलं, याचा आम्ही विचार केला तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. दया सगळ्यांनाच येते, पण ती येते आणि जाते. जवळजवळ प्रत्येक परंपरेने त्या दयेला एक माप आणि एक दिवस नेमून दिला आहे.

आपल्या सोसायटीतली मुस्लिम कुटुंबं शिलकीच्या अडीच टक्के जकात काढतात. ठराविक मर्यादेपुढे साठवण असली की जकात द्यावीच लागते, आणि त्या रकमेवर गरिबाचा हक्क आहे असं तिथे मानलं जातं. ख्रिस्ती परंपरेत उत्पन्नाचा दहावा भाग काढायची रीत आहे. शीख गुरुद्वारात लंगरला सगळे एकाच पंगतीत बसतात, देणाराही आणि घेणाराही. आपल्या मंडळातल्या बौद्ध कुटुंबांना माहीत आहेच की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपुरात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचं आवाहन केलं होतं. विनोबांनी सहावा वाटा मागितला. आपल्या घरांत जेवणापूर्वी काढून ठेवलेला घास हे त्याचंच छोटं रूप.

माप ठरलेलं असलं की मनाच्या लहरीवर काही राहत नाही. महिना बरा गेला की दिलं, वाईट गेला की विसरलं, असं होत नाही. देव न मानणाऱ्या सभासदांनीही ही गोष्ट धर्माकडून उसनी घ्यायला हरकत नाही. आणि श्रद्धाळू सभासदांनी गोदावरीबाईंचा प्रश्न उसना घ्यावा.

श्रद्धा कुठे घसरते

श्रद्धेपोटी केलेली मदत तीन ठिकाणी घसरते असं आम्हाला दिसलं.

पहिली घसरण पुण्याची. सगळं लक्ष आपल्या पुण्यावर गेलं की घेणारा माणूस निमित्तमात्र उरतो. एकाच अमावास्येला एकाच वस्तीत चार संस्थांची खिचडी येते आणि मधल्या पंधरा दिवसांत कुणी फिरकत नाही, ते यामुळे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने आणि मनाला क्लेश करून घेत दिलेलं ते राजस, आणि तुच्छतेने, अपमान करून दिलेलं ते तामस. फोटोसाठी रांगेत उभं केलेल्या माणसाच्या जागी एकदा आपण उभं राहून पाहावं, म्हणजे आपलं दान कुठल्या प्रकारात बसतं ते कळेल.

दुसरी घसरण पात्रतेची. योग्य स्थळ, काळ आणि पात्र पाहून द्यावं असंही गीता सांगते. त्याचा अर्थ 'कोणाला कशाची गरज आहे ते ओळखून द्या' असा घेतला तर उत्तम. पण बऱ्याचदा आपण तो 'लायक कोण ते ठरवा' असा घेतो. मग तो दारू पितो, ते आपले नव्हेत, अशी चाळणी लागते. तिथे रुक्मिणीबाईंचं उत्तर आठवावं.

तिसरी घसरण अटीची. मदतीबरोबर आपला धर्म, आपली रीत किंवा आपला पक्षही घ्या, अशी उघड किंवा छुपी अट. यावर आपल्याकडे जुना वाद आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो या आक्षेपावरून सल्लागार मंडळींनी पुढे राजीनामे दिले. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी, निराधार मुली-बायकांना स्वतः जाऊन आणणाऱ्या आणि केडगावला आसरा देणाऱ्याही रमाबाईच. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळी भटकंतीत उपासमारीने गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आक्षेप घेणाऱ्यांचा प्रश्न गैर नव्हता, आणि त्या मुलींचे वाचलेले जीवही खरे होते. आम्ही यातून एवढंच घेतलं की दुसऱ्याच्या अटींवर बोट ठेवण्याआधी आपण त्या मुलींसाठी काय केलं, ते स्वतःला विचारावं, आणि आपण मदत करू तेव्हा ती अटीविना करावी.

घेणाऱ्यांकडेही देण्याची रीत असते

आणखी एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. आपण ज्यांना 'गरजू' म्हणतो त्यांच्याकडे एकमेकांना धरून ठेवण्याची रीत आपल्यापेक्षा जुनी आहे. भाताच्या लावणीला, घर शाकारायला पाड्यावरचे शेजारी एकमेकांकडे राबतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. वारल्यांची कणसरी ही धान्याची देवता आहे, आणि धान्याकडे देवता म्हणून पाहणाऱ्या समाजाला अन्नाची किंमत आपण शिकवायला नको. त्या दिवशी पाड्यावर आम्हाला कोरा चहा मिळाला होता. घरात दूध नव्हतं, तरी पाहुण्याला बिनचहाचं जाऊ द्यायचं नाही, म्हणून. आमच्या वाटपाच्या अहवालात त्या चहाची नोंद नव्हती. आज इथे करतो.

मग आपण काय करावं?

सभेतल्या त्या तरुणाला आता आम्ही असं उत्तर देऊ. कशासाठी करतो हे प्रत्येकाचं वेगळं असू शकतं आणि असू द्यावं. पुण्यासाठी, सासूबाईंच्या आठवणीसाठी, ऋण म्हणून किंवा बघवत नाही म्हणून. विनोबा, गाडगेबाबा, ताराबाई-अनुताई आणि गोदावरीबाई एकमेकांपासून किती वेगळे होते! पण पाचही जणांच्या कामात तीन गोष्टी सारख्या दिसतात. ते लोकांमध्ये गेले आणि पुन्हा पुन्हा गेले. आपल्याला काय द्यायचंय यापेक्षा समोरच्याला काय हवंय ते त्यांनी ऐकलं. आणि समोरच्याला आपल्याहून खालचं मानलं नाही.

यावरून कार्यकारिणीपुढे आम्ही चार सूचना ठेवल्या आहेत. अन्नदान बंद करावं असं आमचं मुळीच म्हणणं नाही, कारण भूक उद्यापर्यंत थांबत नाही.

१. वाटपाआधी महिनाभर दोन-तीन सभासदांनी पाड्यावर जाऊन विचारावं. जे सांगतील तेच न्यावं, मग ते ब्लँकेट असो, वह्या असोत की दवाखान्यापर्यंतची गाडी.

२. महिन्यातला एक रविवार 'कागदांचा रविवार' असावा. आपल्यात बँकेतून, कार्यालयांतून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ आहेत. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक खाती यांचे फॉर्म भरून द्यावेत आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा.

३. घेणाऱ्यांचे फोटो काढू नयेत. हिशोब मात्र पै-पैचा फलकावर लावावा.

४. प्रत्येक घराने आपापल्या श्रद्धेप्रमाणे एक माप ठरवावं, कितीही लहान चालेल, आणि ते दरमहा बाजूला काढावं. त्याचबरोबर आपल्या घरी, दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांची मजुरी शेवटची कधी वाढवली, तेही आठवून पाहावं.

त्या आजींची नात आता दहावीच्या पुढे गेली असेल किंवा शाळा सुटली असेल. आम्हाला माहीत नाही. या महिन्यात आमच्यापैकी तिघे जण त्या पाड्यावर जाणार आहेत, बॅनर न घेता. उशीर झाला आहे. पण त्या मुलीचं नसेल तर तिच्या धाकट्या भावंडांचं, शेजारच्या मुलांचं काम निघेलच. ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी आठला मंडळाच्या कार्यालयाशी जमावं. पेन आणि चष्मा आठवणीने आणावा.